आपला विरोध कोणता?



घरात सुनेनं किंवा मुलानं ‘नाही’ म्हटलं, की आपण त्याला लगेच विरोध म्हणतो. पण विज्ञानात विरोध एकच नसतो. जडत्व जागचं हलू देत नाही. घर्षण अडवतं, पण त्याच्याशिवाय पाऊल टिकत नाही. तारेचा रोध विजेची उष्णता करतो.

आपल्या बालाघाटात मलाजखंडचं तांबं आहे, भरवेलीचं मँगनीज आहे. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. त्यात सुमारे १२ टक्के मँगनीज नि थोडं निकेल मिसळलं की मँगनिन होतं. ते तापलं तरी रोध जवळजवळ तेवढाच; म्हणून अचूक मोजमापाला तेच घेतात.

आपणही तपासूया. नकार रागाबरोबर वाढतो, राग उतरला की उतरतो? तो अहंकार. शांतपणीही तेवढाच राहतो? मग तो घरानं बसून ऐकायलाच हवा, सुनेचा असला तरी.