कादंबरीतील महानगर आणि लेखकाचे ऋण

कादंबरीतील महानगर नकाशावर शोधू नये, ती कलावंताची निर्मिती असते, असे आपण मानतो. परंतु जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’मधील (१९६३) झोपडपट्टी वाचताना हे उत्तर अपुरे वाटते. मुंबई न पाहिलेला वाचक त्या कल्पित वस्तीलाच मुंबई समजतो. आणि ज्यांच्या जगण्यातून ती घडली, त्या माणसांना प्रतिवादाची संधी नसते. मग लेखक त्यांचे काय देणे लागतो?

केवळ तपशिलांच्या अचूकतेने हे ऋण फिटत नाही. तेवढे काम जनगणनाही करते. भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’मध्ये (१९६५) नाक्यावरच्या पोरांचा निवाडा केला नाही, निवेदनच त्यांच्यातल्या पोक्याच्या तोंडी, त्याच्याच बोलीत दिले. अभिरुचीला धक्का बसला, पण त्या पोरांना शब्द मिळाला. मात्र त्यांच्या नजरेखालून जाणाऱ्या मुलींना तेथे स्वतःचा आवाज नाही. एकाला शब्द देताना दुसऱ्याचे मौन अधिक गडद होते.

कोणतीही कादंबरी सगळ्या शहराला बोलते करू शकणार नाही. परंतु आपल्या शहरात कोण मुके राहिले, हे लेखकाने जाणले पाहिजे. आणि वाचकाने ते विचारले पाहिजे.