देवळावाचून उरलेला कळस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी जॉर्जिया नावाच्या संस्थानात अथेन्स हे विद्यापीठाचे गाव आहे. त्या गावात ओकोनी रस्त्यालगत, सदनिकांच्या एका वसाहतीच्या आवारात, मोटारी उभ्या करण्याच्या जागेला खेटून विटांचा एक मनोरा एकटाच उभा आहे. सेंट मेरी नावाच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचा तो मनोरा. मंदिर १९९० साली पाडण्यात आले. मनोरा मात्र राहिला, आणि पुढे तो ढासळू लागला तेव्हा गावकऱ्यांनी डागडुजी करून तो जतन केला. आपल्याकडे वारकरी संप्रदायाने आपला सारा इतिहास पाया, खांब आणि कळस अशा इमारतीच्या रूपकात मांडलेला असल्यामुळे, पाया आणि गाभारा नाहीसा होऊन केवळ कळस उरावा ही कल्पनाच आपल्या मनाला चमत्कारिक वाटते. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही, की तेथे दूरदूरून येणारी माणसे मेरीमातेच्या दर्शनासाठी येत नाहीत. उपासना बंद पडून ओस झालेल्या त्या वास्तूत काही तरुण भाड्याने राहत असत, आणि ५ एप्रिल १९८० च्या रात्री, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या निमित्ताने, मायकेल स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी या चौघांनी तेथे प्रथम वादन केले. त्या वेळी त्यांच्या मेळाला नावदेखील नव्हते. पुढे शब्दकोश उघडून जे सापडले ते त्यांनी घेतले: आर. ई. एम. निद्रेत स्वप्न पाहणाऱ्या माणसाच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे ज्या वेगाने हलतात, त्या अवस्थेची ही आद्याक्षरे.

माझे एक स्नेही एका बँकेत अधिकारी आहेत, निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली आहेत, आणि शाळेची सहल सोडल्यास पंढरपूरला ते कधी गेलेले नाहीत. त्यांची कन्या त्याच विद्यापीठात शिकते. तिला भेटावयास गेले असता त्यांनी हा मनोरा पाहिला, आणि परत आल्यावर बऱ्याच आढेवेढ्यांनंतर मला म्हणाले, “हसू नका, पण तिथं पायांतले बूट काढावेत की काय, असं क्षणभर वाटलं मला.” मी हसलो नाही. विठोबापुढे ज्यांना कधी वाकावेसे वाटले नाही अशा, हिशेबात पक्क्या आणि व्यवहारात रुक्ष म्हणावे अशा गृहस्थांना, २०११ साली जो मेळ विसर्जित झाला आणि ज्याला त्यांनी प्रत्यक्षात एकदाही ऐकले नाही, त्याच्या एका पडक्या खुणेपुढे पादत्राणे काढावीशी का वाटावीत, हा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. शास्त्रकारांनी ज्याला मोह म्हणून त्याज्य ठरवले तीच ही वस्तू आहे, की भक्ती म्हणून ज्याचा गौरव केला त्याचेच हे एक आडवळणाचे रूप आहे?

प्रथम शब्दांविषयी. या मेळाचे संगीत ज्या प्रकारात मोडते त्याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात. बड्या नभोवाणी केंद्रांनी ज्यांच्याकडे पाहिले नाही आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी चालवलेल्या लहानशा केंद्रांनी ज्यांना वाढवले, अशा वादकांचे हे संगीत. मराठीत त्याला कोणी पर्यायी म्हणतात, कोणी वैकल्पिक. आणि ‘विकल्प’ हा शब्द उच्चारताच मला पतंजलीची आठवण होते, कारण ज्या शब्दाला ज्ञान तर जडते पण ज्याच्यामागे वस्तू नसते, अशा वृत्तीला त्याने विकल्प म्हटले आहे. आर. ई. एम. च्या आरंभीच्या गीतांना याहून नेमके नाव मिळणार नाही. १९८१ साली त्यांची पहिली तबकडी निघाली, १९८३ च्या एप्रिलमध्ये ‘मर्मर’ हा पहिला मोठा संग्रह. आणि दोहोंत स्टाइप काय गात आहे हे इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांनाही धड कळत नव्हते. शब्द तोंडातल्या तोंडात विरत, एकाचा अंत दुसऱ्याच्या आदीत मिसळे, आणि जे शब्द कळत त्यांचा परस्परांशी संबंध लागत नसे. ‘मर्मर’ या नावाचे भाषांतर करण्याची गरज नाही. वाळलेल्या पानांच्या सळसळीला संस्कृतातही मर्मरच म्हणतात, आणि पृथ्वीच्या दोन टोकांच्या भाषांना त्या ध्वनीसाठी एकच शब्द सुचावा, हे मला त्या संग्रहाचे सर्वांत समर्पक रसग्रहण वाटते.

अर्थ न कळणाऱ्या शब्दांवर माणसाचा जीव जडावा हे आपल्याला नवे नाही. मंत्रांना अर्थच नाही असे कौत्साचे मत यास्काने निरुक्तात नोंदवून त्याचे खंडन केले आहे. परंतु दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी हा वाद उपस्थित होऊ शकला यावरूनच दिसते, की म्हणणाऱ्याची निष्ठा आणि म्हटल्याचा अर्थ या दोन गोष्टींची फारकत तेव्हाही डोळ्यांत भरण्याइतकी स्पष्ट होती. कौत्साला आपल्या पक्षासाठी दाखला हवा असता तर तो या मेळाकडे मिळाला असता. दुसऱ्या संग्रहाच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्टाइपने ध्वनिमुद्रणगृहातच पडलेली एक ख्रिस्ती भक्तिसंगीताची तबकडी उचलली, आणि तिच्या वेष्टनावर छापलेला प्रशस्तिपर मजकूर, आपल्याच एका गीताच्या चालीवर, आरंभापासून अखेरपर्यंत गाऊन टाकला. ती गंमत पुढे ‘व्हॉइस ऑफ हॅरल्ड’ या नावाने प्रसिद्ध झाली. ऐकणाऱ्याला मूळ गीत आणि वेष्टनावरचा मजकूर यांत भावाच्या दृष्टीने फारसे अंतर जाणवत नाही. कंठातली आर्तता शब्दांवर अवलंबून नव्हतीच. गीतांचा संपूर्ण पाठ संग्रहासोबत छापण्यास हा मेळ १९९८ साली, ‘अप’ या संग्रहाच्या वेळी, प्रथम राजी झाला. तोवर अठरा वर्षे श्रुतीच होती, ग्रंथ नव्हता. आणि त्या अठरा वर्षांत प्रत्येक श्रोत्याने आपापला पाठ मनाशी सिद्ध केला होता.

मला वाटते, या आसक्तीच्या चिवटपणाचे पहिले कारण येथे आहे. जो कवी आपल्याला सर्व सांगून मोकळा होतो त्याचे ऋण आपण मानतो आणि पुढे जातो. परंतु जो अर्धेच सांगतो, त्याच्या उरलेल्या अर्ध्यात आपण आपले विशीतले एकाकीपण, आपल्या न लिहिलेल्या चिठ्ठ्या, आपल्या त्या वर्षीच्या पावसाळ्याचा अंधार ओतून ठेवतो, आणि मग तो संग्रह टाकून देणे म्हणजे आपलेच दप्तर जाळून टाकण्यासारखे होते. ‘मर्मर’च्या मुखपृष्ठावर कुड्झू नावाच्या वेलीने गिळून टाकलेला एक भूभाग आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत ही परदेशातून आणलेली वेल आपल्याकडील घाणेरीप्रमाणे माजली आहे. ती झाडे, खांब, ओस घरे अशी झाकून टाकते, की खाली काय आहे ते दिसत नाही, फक्त त्याचा आकार उरतो.

आता ‘राग’ या शब्दाकडे वळतो. रंगवणे या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. संस्कृतात त्याचा अर्थ आसक्ती, संगीतात स्वरांची विशिष्ट रचना, आणि मराठीने, का कोण जाणे, त्याला क्रोधाच्या खात्यावर जमा केले. पतंजलीने क्लेशांची गणना करताना, सुखाच्या मागोमाग येऊन चित्ताला चिकटतो तो राग, असे त्याचे लक्षण दिले. १९९१ साली आर. ई. एम. चे जे गीत जगभर गेले आणि अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले, त्याच्या नावात ‘धर्म गमावणे’ असा शब्दप्रयोग आहे. त्यामुळे ते श्रद्धा गमावलेल्या माणसाचे गीत आहे असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुतः अमेरिकेच्या दक्षिण भागात या वाक्प्रचाराचा अर्थ संयम सुटणे, राग अनावर होणे असा आहे, आणि स्टाइपने ते प्रतिसाद न मिळालेल्या प्रेमाविषयी असल्याचे सांगितले आहे. म्हणजे क्रोधाच्या वाक्प्रचारात गुंडाळलेली आसक्ती, आणि तीही मँडोलिनच्या सुरांत. आमच्या एका शब्दाचे तिन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतात. त्या गीताचे चित्रीकरण जालंधरात जन्मलेल्या तरसेम सिंगने केले, आणि त्यात ख्रिस्ती संतांच्या शेजारी आपल्या कॅलेंडरांवरील देवादिकांच्या थाटाची दृश्ये रचली. माझ्या स्नेह्यांनी हे गीत प्रथम पाहिले ते १९९२ साली, शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणी संचावर, नव्याने आलेल्या उपग्रह वाहिनीच्या कृपेने. ते दाराशी उभे राहिले आणि आत बसण्याचे भान त्यांना राहिले नाही.

येथे एका दोषाची कबुली दिली पाहिजे. या मेळाच्या जुन्या चाहत्यांना १९९१ नंतर आलेले चाहते आवडत नाहीत. आपल्याकडे गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराची जमीन पिढीजात, उपरी आज येऊन कसणार आणि उद्या उठून जाणार. एका संग्रहाच्या वेष्टनामागे जुना लाकडी रेल्वेपूल आहे म्हणून तो पाहावयास जाणारे, आणि गावातल्या ज्या खानावळीचे ब्रीदवाक्य १९९२ च्या संग्रहाला नाव म्हणून दिले गेले तेथे जाऊन जेवणारे हे मिरासदार, दूरचित्रवाणीवरच्या एका गीताने आलेल्यांकडे अशाच नजरेने पाहतात. माझे स्नेही त्या हिशेबाने उपरी. पण त्यांनी वहिवाट तीस वर्षे अखंड चालवली आहे, आणि वहिवाटीने हक्क सिद्ध होतो हे कोणताही जुना कारकून सांगेल. देवाच्या दारी ज्येष्ठतेचा हा अहंकार किती जुना आहे, हे चोखोबाच्या समाधीपाशी उभे राहिलेल्याला वेगळे सांगावयास नको.

मग भक्ती तरी कोणाची? १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, ऐन कार्यक्रमात, बिल बेरीच्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटली. तो वाचला, परत वाजवू लागला. परंतु १९९७ च्या ऑक्टोबरात त्याने मेळ सोडला आणि जॉर्जियात गवताची शेती धरली. चौघांपैकी एक गेला तर मेळ मोडावयाचा अशी आधीची बोली होती. आपल्या जाण्याने मेळ मोडणार असेल तर आपण जाणार नाही, असे बेरीने म्हटले, म्हणून उरलेले तिघे चालत राहिले. तीन पायांचा झाला तरी कुत्रा कुत्राच, त्याला फक्त धावणे नव्याने शिकावे लागते, अशा आशयाचे स्टाइपने तेव्हा सांगितले. मिलिंद राजापुढे नागसेनाने रथाचा एकेक भाग वेगळा काढून, यांपैकी रथ कोणता, असे विचारले, आणि नागसेन हेही असेच एक नाव आहे असे पटवून दिले. चाहत्यांना तर नागसेनाची गरजच पडली नाही. चाक निघाले, नाव राहिले, आणि नावावरचे प्रेमही राहिले. पुष्कळांना त्यानंतरचे संग्रह आवडले नाहीत, आणि न आवडलेले संग्रहही त्यांनी विकत घेतले. नामाची महती गाणाऱ्या आपल्या संतांना यात काही अपूर्व वाटले नसते, फक्त नाम शब्दकोशातून चाचपडून काढलेले आहे हे ऐकून ते थोडे थबकले असते.

२१ सप्टेंबर २०११ रोजी, एकतीस वर्षे आणि पंधरा संग्रह यांनंतर, तिघांनी आपण थांबत असल्याचे जाहीर केले. भांडण नाही, कज्जा नाही, वाटणीची कैफियत नाही. सर्व गीतांचे श्रेय आणि उत्पन्न चौघांत समान वाटून घेण्याची रीत त्यांनी आरंभापासून ठेवली होती, तिचेही हे फळ असावे. आता खरा प्रश्न येतो. पतंजलीचा राग सुखाच्या मागे चालतो. सुखाचा झरा आटला की तो दुसरीकडे वळावा. येथे तो वळला नाही. नारदाने भक्तिसूत्रांत भक्तीचे अकरा प्रकार सांगताना प्रत्येकाला, विशेष म्हणजे, आसक्ती हाच शब्द लावला आहे: रूपाची आसक्ती, स्मरणाची, दास्याची, सख्याची, आणि सर्वांच्या शेवटी, म्हणजे तन्मयतेच्याही पलीकडे, परमविरहाची. आसक्ती हा शब्द गीतेच्या संस्कारामुळे आपल्याला दूषण वाटतो, पण नारदाला तो वाटला नाही. माझे मत या प्रकरणी नारदाच्या बाजूला झुकते. ज्या आसक्तीने मागणे सोडले ती मोह राहत नाही. आणि पुनर्मीलनाची मागणी करणारे, त्यासाठी वाटेल तितके द्रव्य मोजावयास तयार असलेले सकाम भक्त वगळले, तर उरलेल्या बहुतेकांनी ते मागणे केव्हाच सोडून दिले आहे.

अर्थात ही तुलना ताणण्याचा धोका मला दिसतो. विठोबा उत्तर देत नाही हे आपल्याला ठाऊक असते. येथे चार म्हातारे होत चाललेले गृहस्थ जिवंत आहेत, आणि ते उत्तर देऊ शकतात. १३ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका सन्मानसमारंभात त्यांनी ते दिलेही. चौघे, बेरीसह, मंचावर आले, ते एकच मँडोलिनचे गीत म्हटले, आणि पुन्हा आपापल्या वाटेने गेले. त्याच वर्षी मायकेल शॅनन हा नट आणि जेसन नार्ड्युसी हा वादक ‘मर्मर’ आरंभापासून अखेरपर्यंत गावोगाव सादर करीत हिंडत होते. अथेन्सच्या प्रयोगाला मूळ मेळाची मंडळी हजर होती. आपल्याच अभंगांचे कीर्तन दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयास संत मागल्या रांगेत येऊन बसावेत, हे भाग्य आपल्या संप्रदायाच्या वाट्याला आले नाही.

गेल्या महिन्यात मी स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या कन्येने ‘मर्मर’मधील गीतांचा शुद्ध पाठ, जितका कोणाला लावता आला तितका, एका कागदावर उतरवून पाठवला होता. तिला वाटले, बाबांना आनंद होईल. त्यांनी चष्मा लावून पहिल्या चार ओळी वाचल्या, दुसऱ्या गीतापाशी थांबले, आणि म्हणाले, “मी इथं तीस वर्षं दुसरंच काहीतरी म्हणत आलो.” मग कागदाची घडी घालून तो त्यांनी बँकेच्या जुन्या पासबुकांच्या खणात ठेवला, ध्वनिफीत लावली, आणि ते स्थळ आले तेव्हा माझ्याकडे न पाहता आपलाच पाठ म्हटला.