मीटिंगला सोबत कोण येणार?

मे १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात, मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत, बिल विल्सन अस्वस्थपणे येरझारा घालत होता. ज्या व्यवहारासाठी तो न्यूयॉर्कहून आला होता तो फिसकटला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलचा बार हाकेच्या अंतरावर होता. तो टेलिफोनकडे वळला. लॉबीतल्या चर्चच्या यादीवरून त्याने फोन लावायला सुरुवात केली. आपल्यासारखा दारूत बुडालेला आणखी कुणी या गावात आहे का, एवढेच त्याला हवे होते. एकाकडून दुसऱ्याकडे असे करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला आणि त्यांच्या घरी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि रात्री सव्वाअकरापर्यंत बोलत बसले. त्यांनी शेवटचा पेला घेतला तो दिवस, १० जून १९३५, हाच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, स्थापनादिन मानला जातो.

विल्सन त्या रात्री बॉबना सुधारायला गेला नव्हता. आपला तोल जाऊ नये म्हणून त्याला दुसऱ्या दारुड्याची गरज होती. ए.ए.ची सगळी पद्धत यातून उभी राहिली. भारतात हे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले. ग्रुप बहुधा कुठल्या तरी चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या वर्गात जमतो. ‘दारू सोडायची इच्छा आहे’ एवढीच सभासदत्वाची अट. फी नाही, आडनाव विचारायचे नाही, खर्च सभासदांच्या वर्गणीतून. एकेक जण उठून आपली हकीगत सांगतो. त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात.

आणि हे गुणकारी आहे. २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. ए.ए.तली ईश्वराची भाषा काहींना अडते, तो आक्षेप खराच. पण ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ अशी मोकळीक तिथे आहे.

मग अडते कुठे? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठली तरी मदत मिळाली होती. याला पैसा, लाज, अंतर अशी अनेक कारणे आहेत. पण जो दवाखान्यापर्यंत पोचतो, तोही तिथून ग्रुपपर्यंत पोचतोच असे नाही. डॉक्टर जाता जाता सांगतात, ‘ए.ए.ला जात जा.’ फार तर एखाद्या चिठ्ठीवर पत्ता देतात. घरी येईपर्यंत चिठ्ठी खिशात चुरगळते.

१९८१मध्ये सिसन आणि मॅलम्स या संशोधकांनी अमेरिकेत नेमके हेच तपासले. बाह्यरुग्ण विभागातल्या वीस जणांपैकी दहा जणांना नेहमीप्रमाणे माहिती आणि पत्ता दिला. उरलेल्या दहा जणांसमोर सल्लागाराने ए.ए.च्या एका सभासदाला फोन लावून दिला, आणि तो सभासद सोबत येणार हे तिथल्या तिथे ठरले. आठवड्याभरात दुसऱ्या गटातले दहाही जण मीटिंगला गेले. पहिल्या गटातला एकही गेला नाही. वीस जणांचा हा लहानसा प्रयोग आहे, त्यावर सगळे बेतता येणार नाही. पण एवढे लखलखीत उत्तर क्वचित मिळते.

मीटिंगच्या दारापाशी माणूस का थबकतो, हे समजून घेतले पाहिजे. आत शेजारचा कुणी भेटला तर? साहेबांचा ड्रायव्हर भेटला तर? तालुक्याच्या गावी ही भीती आणखी दाट असते, कारण तिथे सगळेच एकमेकांना ओळखतात. बाईच्या बाबतीत तर विचारायलाच नको. नवऱ्याच्या पिण्याला निदान सहानुभूती मिळते, तिच्या पिण्याला फक्त बदनामी. अशा वेळी इच्छाशक्तीवर व्याख्यान देणे हा अन्याय आहे. तिला दारापर्यंत घेऊन जाणारी, स्वतः त्यातून गेलेली बाई हवी.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांबरोबर पहिल्या मीटिंगचा वार, वेळ आणि सोबत येणाऱ्याचे पहिले नाव असले पाहिजे. महाराष्ट्राला हे परके नाही. १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथे नव्या रुग्णांना हात देत आली आहेत. सरकारी रुग्णालयांना यासाठी नवी इमारत लागणार नाही, लागेल ती ग्रुपशी जिवंत ओळख.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर सोपवू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. अशा माणसाला आधी डॉक्टर लागतो.

घरच्यांनी ग्रुपकडे चौकशीचा फोन स्वतः केला तरी चालतो. मीटिंग मराठीत आहे, हिंदीत की इंग्रजीत, हे विचारावे. ती खुली आहे की बंद, हेही. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते, खुल्या मीटिंगला बायको किंवा भाऊ शेजारी बसू शकतो. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे ग्रुप वेगळे भरतात, आणि तिथे जायला घरातल्या माणसाने दारू सोडण्याची वाट पाहावी लागत नाही.