पाहिलेलं मनात राहतं

1961 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी एक प्रयोग केला. हवा भरलेली, पाडली तरी पुन्हा उभी राहणारी मोठी बाहुली. मुलादेखत एक मोठं माणूस तिच्या नाकावर ठोसे मारतं, हातोडीनं बडवतं, लाथ घालतं. नंतर तीच बाहुली समोर आल्यावर अनेक मुलांनी तेच केलं. शब्दही तेच उच्चारले. 1963 मध्ये हे दृश्य चित्रफितीवर दाखवलं, तरी नक्कल झालीच.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1965चा प्रयोग. मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. मग त्यांना सांगितलं, पाहिलेलं करून दाखवलंत तर बक्षीस मिळेल. त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं! म्हणजे केलं नाही, तरी पाहिलेलं मनात राहिलं होतंच. म्हणून, पडद्यावर शेवटी खलनायक हरतो ना, असं म्हणून आपण निर्धास्त राहू नये.

बाहुलीला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे, हे खरंच. मारामारी पाहणारं प्रत्येक मूल दांडगट होत नाही. घरातला मार, धाक, एकटेपणा यांचाही वाटा असतो. पण चार घास पोटात जावेत म्हणून मोबाईल हातात देऊन आपण ओट्याकडे वळतो, तेव्हा पडद्यावर काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नसतं. आज जेवताना मुलाशेजारी बसा. पडद्यावर कुणी कुणाला मारलं, तर जरा थांबवून विचारा, "त्याला किती लागलं असेल रे?"