एकच गोळी



आम्ही पूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो तेव्हाची गोष्ट. संबंधित भगिनीची परवानगी घेऊनच ती लिहीत आहोत. रविवारच्या मिस्सानंतर ती आणि तिचा नवरा सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबली. पाचव्या महिन्यात तिचे बाळ पोटातच दगावले होते. सोनोग्राफी दोनदा झाली, हृदयाचे ठोके नव्हते. दाखल होताना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणा, असे डॉक्टरांनी लिहून दिले. नवरा औषधाच्या दुकानात गेला, तर काउंटरवरचा मुलगा चारचौघांत म्हणाला, "ही तर पाडायची गोळी!" चिठ्ठी तशीच खिशात घालून दोघे चर्चमध्ये आली होती. "फादर, ही घेतली तर मला पाप लागेल का?"

खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हीही चाचरलो. गोळीचे नाव आम्ही एकाच संदर्भात ऐकले होते.

नंतर वाचले तेव्हा कळले की ही गोळी मुळात पोटातल्या अल्सरची. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती प्रोस्टेट ग्रंथीतूनच येतात असे वाटल्याने १९३०च्या दशकात हे नाव पडले. पुढे ती जवळजवळ सगळ्याच अवयवांत सापडली, नाव मात्र तेच राहिले. ती वेदना व सूज वाढवतात, तशीच जठराच्या अस्तराचे रक्षणही करतात. ॲस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. म्हणजे सांधेदुखीची गोळी दुखणे थांबवते आणि पोट उघडे पाडते. ते भरून काढायला मिसोप्रोस्टॉल आले. अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे लॅटॅनोप्रोस्टचे थेंबही याच कुळातले.

पण मिसोप्रोस्टॉल गर्भाशयालाही आकुंचन पाववते. बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही तेव्हा हेच आकुंचन आईला वाचवते. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला: प्रसूती होताच ही गोळी दिल्यावर अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला फ्रीज लागतो, हिला लागत नाही. आणि हीच गोळी जिवंत बाळाला अकाली बाहेर काढण्यासाठीही वापरली जाते, हेही खरे.

मग पाप कोठे असते? गोळीत नाही, आणि स्नायूच्या आकुंचनातही नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून ख्रिस्तसभा विचारत आली आहे की माणूस नेमके काय करीत आहे. त्या भगिनीच्या बाबतीत मृत बाळाची प्रसूती होणार होती. येथे दुहेरी परिणामाचे तत्त्व लावण्याचीही गरज नाही, कारण धोक्यात असलेला जीव एकच, तिचा स्वतःचा.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे हेतू चांगला असला की झाले. तसे नाही. बाळ जिवंत असताना त्याचा अंत करणे हेच कृत्य असेल, तर चांगल्या हेतूने ते बदलत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५च्या परिपत्रकात हे निःसंदिग्धपणे मांडले. गरिबी, भीती, घरच्यांचा दबाव यांनी त्या स्त्रीचा दोष हलका होतो, कधी फारच हलका होतो. मात्र दबाव आणणाऱ्यांचा दोष हलका होत नाही. तिला एकटीला पापी ठरवायचे आणि आपण पहिल्या बाकावर बसायचे, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

केमिस्ट बांधवांनाही एक शब्द. चिठ्ठीशिवाय, मागेल त्याला ही गोळी विकणे कायद्यालाही मान्य नाही. पण नावाला घाबरून ती दुकानात ठेवायचीच नाही, यात आम्हाला पुण्य दिसत नाही. रात्री रक्तस्राव होणाऱ्या बाईचा नवरा कोणाच्या दाराशी जाईल?

त्या रविवारी आम्ही ओळखीच्या एका नर्स सिस्टरांना फोन केला. दोन मिनिटांत त्यांनी सगळे समजावले. मग त्या नवऱ्याकडून चिठ्ठी घेतली आणि अंगावर झगा होता तसेच त्याच दुकानात गेलो. मुलाने चिठ्ठी वाचली, आमच्याकडे पाहिले, पुन्हा चिठ्ठी वाचली. काही न बोलता त्याने गोळ्या कागदी पिशवीत घातल्या. सुटे पैसे द्यायचे मात्र तो विसरला.