पाठ चाली आणि कर्त्याचे स्वातंत्र्य

बुद्धिबळातील सुरुवातीच्या चाली, म्हणजे ओपनिंग, आज बहुधा आधीच पाठ केलेल्या असतात. मग त्या खेळणारा खरोखर कर्ता ठरतो काय, हा प्रश्न कर्मविचारातील ‘प्रारब्ध की कर्त्याचे स्वातंत्र्य’ या जुन्या वादाला जाऊन भिडतो. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवले आणि त्या विजयानेच तिला ग्रँडमास्टर हा किताब थेट मिळाला; त्यासाठी एरवी लागणारा नॉर्म, म्हणजे ठराविक दर्जाच्या स्पर्धेतील पात्रतेची कामगिरी, तिच्याकडे एकही नव्हता, म्हणून तिने या लाभाला नशीब म्हटले.

निर्णायक डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या हम्पीने कॅटलन ओपनिंग निवडले. १९२९ च्या बार्सिलोना स्पर्धेत तार्ताकोवरने पुढे आणलेल्या या रचनेत पांढरा खेळाडू राजाकडचा उंट घोड्याच्या मूळ घरापुढे बसवून लांब कर्णावर रोखतो आणि वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे बहुधा मारता येईल असे उघडे ठेवतो. ते मारावे की नाही, हे काळ्याने ठरवायचे असते.

१९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी संचित, प्रारब्ध व क्रियमाण ही कर्माची रूढ वाटणी नाकारली आणि ज्याचे फळ मिळू लागले ते प्रारब्ध व ज्याचे मिळू लागले नाही ते अनारब्ध, असे दोनच भेद वेदान्तसूत्रांच्या आधारे मानले. हा भेद पटावर नेमका दिसतो, कारण काळ्याच्या अभ्यासात साठलेल्या असंख्य मार्गांपैकी कोणता फळास यावा, हे प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या काही चाली ठरवतात आणि बाकीचे सारे अनारब्धच राहतात. तरीही तो साठा अभ्यासिकेत स्वेच्छेने केलेल्या निवडीतूनच उभा राहिलेला असतो, म्हणून पाठ चालही खेळाडूची स्वतःचीच मानली पाहिजे. शिवाय हम्पी-दिव्याचा तो निर्णायक डाव ओपनिंगमध्ये सुटलाच नाही. घड्याळाच्या दडपणाखाली शेवटच्या टप्प्यात दोघींच्याही हातून चुका झाल्या आणि तेथे पाठांतराचा उपयोग नव्हता. त्यामुळे दिव्याच्या नशीब या शब्दात नम्रता असली, तरी त्यात तिचे कर्तृत्व पुरते सामावत नाही.

खरी अडचण संगणकाने सुचवलेल्या चालींची आहे. न केलेल्या कर्माचे फळ मिळणे, ज्याला शास्त्रकार अकृताभ्यागम म्हणतात, हा कर्मसिद्धान्तात दोष गणला जातो. पण यंत्राने दाखवलेली चाल का चांगली, हे उमगल्याशिवाय प्रतिस्पर्ध्याने वाट बदलताच तिचा आधार उरत नाही, आणि हे उमजून घेण्याचे कर्म यंत्राला खेळाडूसाठी करता येत नाही.