पहिले पान आणि मानपान

'प्रोटोकॉल' हा शब्द आता खेड्यापाड्यांतही ऐकू येतो. मंत्री यायचे असले की कोणाची खुर्ची कोठे, हार आधी कोणाला, हे त्यावरून ठरते. सरकारी मराठीत त्याला 'राजशिष्टाचार' म्हणतात. परंतु सज्जनहो, या शब्दाचे कूळ शोधू गेल्यास तेथे ना राजा सापडतो, ना खुर्ची. तेथे सापडते खळ!

शब्द मूळ ग्रीक. 'प्रोतोस' म्हणजे पहिला, 'कोल्ला' म्हणजे चिकटवायची खळ. पूर्वी पपायरस या पाणवनस्पतीची पाने करून ती एकास एक चिकटवीत आणि लांब गुंडाळी बनवीत. तिच्या आरंभी चिकटवलेले पान ते 'प्रोतोकोल्लोन'. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३७ मध्ये कॉन्स्टँटिनोपल नगरीसाठी कायदा केला, की दस्त लिहिणाऱ्यांनी हे पान कापू नये. त्यावर खजिन्याच्या अधिकाऱ्याचे नाव आणि कागद केव्हा तयार झाला याची नोंद असे. ते पान गेले की खोटा दस्त करणाऱ्याला रान मोकळे! मजकूर पुढच्या पानांवर. पहिल्या पानाचे काम फक्त साक्ष देण्याचे.

पुढे हा शब्द कराराच्या मसुद्याला लागला, बैठकीच्या नोंदीला लागला आणि अखेर राजदूतांच्या रीतिरिवाजांना. तेथे मानपान शिरले. १६६१ साली लंडनमध्ये स्वीडनचा नवा राजदूत आला. त्याच्या मिरवणुकीत गाडी पुढे कोणाची, यावरून फ्रान्स आणि स्पेन यांच्या राजदूतांची माणसे भर रस्त्यात भिडली. माणसे मेली, मुके घोडेही मेले. साक्षीचे पान अहंकाराच्या हाती गेले की असे होते.

यावर तोड निघाली १८१५ साली, व्हिएन्नाच्या परिषदेत. एकाच श्रेणीच्या राजदूतांत, ज्याने आपल्या आगमनाची अधिकृत वर्दी आधी दिली, तो पुढे. राजा केवढा, सैन्य किती, हे विचारायचे नाही. चिमुकल्या देशाचा दूत आधी आला, तर बलाढ्य देशाचा दूत त्याच्या मागे उभा राहील.

कोणी म्हणेल, जेथे भाव आहे तेथे नियम कशाला? आपला पालखी सोहळाच पाहा. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. ते नसते तर एवढा समाज एका वाटेने चालता ना. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात, आणि तिचे म्हणणे ऐकले जाते. हजारोंच्या समाजात एका दिंडीचा आवाज ऐकू यावा, एवढी सोय त्या शिस्तीत आहे. आणि क्रमांक कोणताही असो, वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. क्रम चालण्यापुरता, थोरवी त्यात नाही.

मग मर्यादा कोणती आणि मानपान कोणते, हे ओळखावे कसे? नियमाने मला मागे उभे केले, तरी तो मला हवासा वाटतो का, एवढे मनाला विचारावे. वाटत असेल तर ती मर्यादा. पुढे उभे केले तेव्हाच तो आठवत असेल, तर समजावे की आपण पहिले पान कवटाळून बसलो आणि ग्रंथ वाचायचा राहिला.

रामकृष्णहरी.